राखीव इंधन

अकोल्याहून वाशीमकडे निघालेला रस्ता पातूर मागे टाकून घाट चढतो आणि माथ्यावरच्या रानातून काही वेळ चालून आमच्या मेडशीस येतो. या रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्यांचे लक्ष वळणांकडे असते. आणि आम्हां गावकऱ्यांचे लक्ष आकाशाकडे असले तरी ते पावसासाठी असते, विमानासाठी नसते. म्हणूनच गेल्या कार्तिकातल्या एका संध्याकाळी, सोयाबीनची सोंगणी आटोपून शेजारच्या खळ्यात मळणीयंत्राची घरघर चालू असताना, माझ्या एका स्नेह्याच्या ओसरीवर महाराष्ट्राचा नकाशा पसरून, लाकडी पट्टी ठेवून, मुंबई ते नागपूर अशी सरळ रेघ ओढणारी वीस वर्षांची मुलगी पाहिली, तेव्हा मी सायकल टेकवून तिथेच बसलो आणि रात्र होईपर्यंत उठलो नाही.

ती रेघ पातूर आणि मेडशी यांच्या मधून गेली. मुलीने कोनमापक लावून उत्तरेपासूनचा कोन मोजला, तो सत्तर अंशांच्या आसपास भरला. अंतर मोजले, ते सुमारे ३७० सागरी मैल आले. प्रत्यक्षातले हवाईमार्ग ठरावीक बिंदूंवरून जातात, अशी रेघ केवळ हिशेबापुरती, हेही तिने आपणहून सांगितले. सागरी मैल म्हणजे अक्षांशाची एक कला, म्हणजे १८५२ मीटर, हे तिला शाळेत असताना मीच केव्हातरी शिकवले असावे. परंतु ज्या ज्ञानाने आम्ही फळ्यावर गुण मिळवले, त्याच ज्ञानाने ही मुलगी आपल्या गावावरून आयुष्याची वाट आखू पाहत आहे, हे पाहून एका जुन्या गणितशिक्षकाला जे समाधान वाटावे ते मला वाटले.

मुलगी नागपुरास बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि त्याबरोबरच नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परीक्षा देत आहे. शंभरात सत्तर गुणांवाचून ज्यात उत्तीर्ण होता येत नाही अशा त्या पेपरांपैकी हवाई नियम, दिक्चालन आणि हवामानशास्त्र हे तीन तिने पार केले आहेत. तांत्रिक विषय उरले आहेत. पुढे काय, हा प्रश्न घरात पडला होता. घरची सात एकर कोरडवाहू जमीन, वडील अबोल, आणि घरातील सर्व दस्तऐवजांची काळजी वाहणारे मुलीचे मामा महसूल खात्यातून मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. त्यांची नोकरीची पहिली वर्षे जिल्हा विभागला जाण्यापूर्वीच्या, म्हणजे १ जुलै १९९८ पूर्वीच्या, अकोला जिल्ह्यात गेली, आणि दुष्काळाची आणेवारी, तगाईची वसुली आणि सातबाऱ्यावर चढणारा-उतरणारा बोजा यांतच त्यांनी माणसांची सुखदुःखे वाचली. “तुम्ही मामा-भाची बोला, मी ऐकून घेईन,” एवढे सांगून वडील खळ्यावर गेले होते. जे बोलणे झाले ते मी येथे नोंदवीत आहे. कारण आमच्या मुलुखातल्या पुष्कळ घरांत हेच बोलणे आज ना उद्या व्हायचे आहे.

मामा : तू वैमानिक होऊ नयेस असे माझे म्हणणे नाही, ही गोष्ट प्रथम नमूद करून ठेव. माझी हरकत वाटेला आहे. विमान चालवायला शिकणे ही फार खर्चाची विद्या. आणि जी विद्या राजाश्रयाने मिळू शकते ती सावकाराच्या आश्रयाने का घ्यावी, हे मला समजत नाही. हवाई दलाची परीक्षा वर्षातून दोनदा होते. पदवीधराला वीस ते चोवीस या वयात बसता येते, बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागते, ते तुला आहे. निवड झाली की हैदराबादजवळ दुंडीगलच्या अकादमीत सरकार आपल्या खर्चाने शिकवते, शिकत असताना वर विद्यावेतन देते आणि चौदा वर्षांची सेवा घेते. हवाई दलात मुलींना आता मज्जाव राहिलेला नाही. खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून ३० मे २०२५ रोजी पहिल्या सतरा मुली बाहेर पडल्या. सेवा संपली की नागरी विमान कंपन्यांची दारे उघडी असतात. आपल्या नागपूरचे कॅप्टन दीपक साठे याच वाटेने गेले : प्रबोधिनी, हवाई दल, मिग विमाने, हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये चाचणी वैमानिक आणि मग एअर इंडिया. याहून भक्कम वाट मला दाखव.

भाची : मामा, तुम्ही सांगितलेला एकही तपशील चुकीचा नाही. उलट त्यात एक भर घालते : महासंचालनालयाचा व्यावसायिक परवाना हाती असेल तर हवाई दल वयाची अट सव्विसापर्यंत शिथिल करते. म्हणजे ते दार आज बंद होत नाही. पण साठेसाहेबांचे नाव तुम्ही घेतले म्हणून सांगते. दहा हजारांहून अधिक तास उड्डाण केलेला तो माणूस ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडच्या पावसात, धावपट्टी संपून विमान पुढे गेले तेव्हा, सहवैमानिक आणि एकोणीस प्रवाशांसह गेला. आमच्या वर्गात त्या संध्याकाळचा अभ्यास करतात आणि तो करताना कोणी मोठ्याने बोलत नाही. वाट कितीही भक्कम असली तरी अखेरच्या दोन मिनिटांत वाट कामी येत नाही, निर्णय कामी येतो, एवढे मी त्यातून शिकले.

मामा : निर्णयाची शिस्त लष्कराइतकी कोण शिकवील?

भाची : शिस्त शिकवतील, आणि उत्तम शिकवतील. परंतु लष्करी वैमानिकाचे उड्डाण हे मुळात युद्धासाठी असते. ज्याच्या मनात ती इच्छा प्रज्वलित आहे त्याने जावे. तो आपल्या सर्वांच्या वंदनाला पात्र आहे. माझ्या मनात मात्र दुसरेच चित्र आहे : अकोल्याच्या रुग्णाला, वाशीमच्या विद्यार्थ्याला, परदेशातून येणाऱ्या एखाद्या मुलाला सुखरूप उतरवून देणे. केवळ शुल्क वाचते म्हणून मी तो गणवेश अंगावर घालणे, हे मला त्या गणवेशाशी केलेली अप्रामाणिक वागणूक वाटते. शिवाय तेथे वैमानिकाच्या अंगभूत क्षमतेची संगणकीय चाचणी असते. ती आयुष्यात एकदाच देता येते, नापास झाल्यास पुन्हा नाही. ज्या जागेवर एखाद्या मुलाचा संपूर्ण जीव जडला आहे, ती जागा मी अर्ध्या मनाने अडवू नये.

मामा काही वेळ बोलले नाहीत. पानपुड्याची सुतळी सोडली, पुन्हा बांधली. गणवेश मनावर चढल्याखेरीज अंगावर चढवू नये, हे त्यांना पटले आहे, हे त्यांच्या मुद्रेवरून मला दिसले; परंतु पटलेली गोष्ट लगेच मान्य करणे हा महसूल खात्याचा रिवाज नव्हे. त्यांनी नवा मुद्दा काढला.

मामा : ठीक. मग खर्चाचे बोल. पन्नास-साठ लाखांच्या खाली हा व्यवहार होत नाही असे मी ऐकतो.

भाची : परवान्यापर्यंत तेवढे लागतात. दोनशे तासांचे उड्डाण लागते. त्यांपैकी शंभर तास विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन. वीस तास एका गावाहून दुसऱ्या गावी, आणि त्यांत एक फेरी किमान तीनशे सागरी मैलांची, दोन निरनिराळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून. दहा तास केवळ उपकरणांच्या आधाराने. पाच तास रात्री. ही जी रेघ मी ओढली आहे ती त्या फेरीहून थोडी लांबच आहे. सेसना १७२ सारख्या लहान विमानाला ती पार करायला तीन तासांहून अधिक लागतील.

मामा : आणि दोनशे तास झाले म्हणजे नोकरी?

भाची : नाही. येथेच पुष्कळांची फसगत होते. परवाना म्हणजे नोकरी नव्हे. लहान विमानावर शिकलेल्याला एअरबस ३२० किंवा बोईंग ७३७ चालवण्यासाठी टाइप रेटिंग करावे लागते, त्याचा खर्च आणखी काही लाखांचा. मग कंपनीची परीक्षा, मुलाखत, मग फर्स्ट ऑफिसर. पंधराशे तास भरल्यावर आणि वरच्या परीक्षा दिल्यावर विमानाची पूर्ण धुरा हाती घेण्याचा परवाना.

मामा : आता माझे ऐक. मी तीस वर्षे सातबारे वाचले आहेत. त्यात “इतर अधिकार” असा एक रकाना असतो; बँकेने कर्ज दिले की तेथे बोजा चढतो. फेरफार मंजूर करताना माझ्या सहीखाली असे किती बोजे चढले याची मोजदाद नाही. उतरलेले मात्र मला आठवतात, कारण ते थोडे होते. शेतकरी कर्ज काढतो तेव्हा पावसाचा भरवसा धरतो. तू कर्ज काढशील तेव्हा कंपनीचा भरवसा धरशील. किंगफिशर २०१२ साली बंद पडली. जेट एअरवेजचे शेवटचे विमान १७ एप्रिल २०१९ रोजी उडाले. गो फर्स्ट मे २०२३ मध्ये थांबली. ज्या दिवशी कंपनी थांबते त्या दिवशी हप्ता थांबत नाही. आणेवारी पन्नास पैशांच्या आत गेली तर सरकार निदान वसुली तहकूब करते. तुझ्या कर्जाची आणेवारी कोण काढणार?

भाची : हे खरे आहे. पण दुसरी बाजूही कागदावर यावी. एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० विमानांची आणि इंडिगोने त्याच वर्षी जूनमध्ये ५०० विमानांची मागणी नोंदवली. ही विमाने टप्प्याटप्प्याने येतील आणि प्रत्येकाला वैमानिकांच्या अनेक जोड्या लागतील, कारण थकव्याच्या नियमांनी उड्डाणाचे तास बांधलेले आहेत आणि नव्या नियमांत आठवड्याची विश्रांती छत्तीस तासांवरून अठ्ठेचाळीस तासांवर गेली आहे. आपल्या वऱ्हाडातच पाहा : अमरावतीजवळ बेलोऱ्याला १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची पहिली प्रवासी विमानसेवा सुरू झाली, आणि तेथेच वर्षाला १८० वैमानिक घडवण्याच्या बेताने एअर इंडियाने प्रशाला उभारायला घेतली आहे. गोंदियाजवळ बिरसीला, दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी बांधलेल्या धावपट्टीवर, २००८ पासून राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था आहे. नागपूरचा फ्लाइंग क्लब तर तुमच्याच विभागीय आयुक्तांच्या देखरेखीखाली चालतो. मुंबईचा १९२८ सालचा जुना बॉम्बे फ्लाइंग क्लब धुळ्याला शिकवतो, बारामतीला एक प्रशाला आहे. उत्तर प्रदेशात फुरसतगंजला केंद्र सरकारची अकादमी आहे, तिची प्रवेशपरीक्षा असते. वऱ्हाडातल्या मुलीने हे स्वप्न पाहणे म्हणजे आता सातासमुद्रापलीकडची गोष्ट राहिलेली नाही.

मामा : आणि त्या कंपन्यांच्या स्वतःच्या योजना?

भाची : कॅडेट योजना. कंपनी आधी निवडते, मग ठरलेल्या प्रशालेत शिकवते, टाइप रेटिंगही त्यातच येते आणि अटी पुऱ्या केल्यास नोकरीची वाट दिसते. परंतु खर्च कोटीच्या घरात जातो, आणि सेवेचा करार असतो. परदेशात, अमेरिकेत किंवा दक्षिण आफ्रिकेत, तास लवकर भरतात. परत आल्यावर मात्र येथल्या परीक्षा आणि चाचणी देऊन परवाना बदलून घ्यावा लागतो. आपल्याकडे पावसाळ्यात उड्डाणे खोळंबतात. आणि वैशाखात अकोल्याचा पारा पंचेचाळिसाला टेकला की हवा विरळ होते, पंखांखाली उचल कमी मिळते, इंजिन दमते, धावपट्टी अधिक लागते. तथापि मी याकडे उणीव म्हणून पाहत नाही. ज्याला पुढे या देशाच्या आकाशात प्रवासी न्यायचे आहेत, त्याने या देशाचा उन्हाळा आणि या देशाचा पाऊस विद्यार्थीदशेतच ओळखलेला बरा.

येथे मला राहवले नाही. मी त्यांना माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची हकीकत सांगितली. त्याने एका प्रशिक्षण संस्थेत, जिचे नाव मी घेणार नाही, सगळे शुल्क एकरकमी भरले. काही महिन्यांत निम्मी विमाने दुरुस्तीसाठी उभी राहिली, प्रशिक्षक सोडून गेले, आणि दोनशे तासांना त्याला चार वर्षे लागली. पहाटे चार वाजता उठून, गणवेशाला इस्त्री करून, तो फलकापाशी जाई आणि त्या दिवसाच्या यादीत आपले नाव नाही हे वाचून परत खोलीवर येई. त्याला ती संस्था सोडता आली नाही, कारण पैसे अडकले होते. आणि घरी सांगता आले नाही, कारण घर गहाण होते. मुलगा हुशार होता, परवाना अखेरीस मिळाला, आज तो नोकरीत आहे; पण त्या चार वर्षांविषयी बोलताना अजूनही तो मान वर करीत नाही.

मी : आणि वाटेच्या वादाविषयी एक जुनी गोष्ट. जे. आर. डी. टाटा १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतातले पहिले परवानाधारक वैमानिक झाले, ते क्लबात शिकून. फौजेत जाऊन नव्हे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी पस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले. तेच टपाल मुंबईहून पुढे बेल्लारी आणि मद्रासला नेले ते नेव्हिल व्हिन्सेंट यांनी, आणि ते इंग्रजांच्या हवाई दलातून आलेले. म्हणजे ज्या दिवशी या देशाची नियमित हवाई टपालसेवा सुरू झाली, त्याच दिवशी तुमच्या दोघांच्या वाटा जुहूला भेटल्या, आणि पत्र लिहिणाऱ्याला कोणता वैमानिक कोणत्या वाटेने आला याची विचारपूस करावी लागली नाही. वाट कोणती याहून, त्या वाटेवर माणूस मोकळ्या मनाने चालू शकतो की नाही, हा प्रश्न मला मोठा वाटतो.

मामांनी माझ्याकडे पाहिले, मग नकाशावरच्या रेघेकडे पाहिले. आणि इतका वेळ हिशेबाच्या बाजूने बोलणाऱ्या या माणसाने पहिल्यांदाच विद्यार्थ्यासारखा प्रश्न विचारला.

मामा : एक सांग. या रेघेवरून मुंबईहून नागपूरला विमान निघाले तर इंधन किती भरतात? नागपूरपुरते?

भाची : नागपूरपुरते कधीच नाही. प्रथम धावपट्टीपर्यंत जाण्याचे. मग मुक्कामापर्यंतचे. वारा उलटा लागला, अंदाज चुकला, तर म्हणून त्यावर साधारण पाच टक्के. मग नागपूरला उतरता आले नाही, धुके असले, धावपट्टी बंद असली, तर दुसऱ्या ठरवलेल्या विमानतळापर्यंत जाण्याचे; त्याला आम्ही ऑल्टरनेट म्हणतो. आणि त्या दुसऱ्या विमानतळावरही घिरट्या घालाव्या लागल्या तर आणखी तीस मिनिटांचे. हे शेवटचे अर्ध्या तासाचे इंधन खर्च करण्यासाठी नसतेच; त्याला हात लागण्याची वेळ आली तर वैमानिकाने संकट जाहीर करायचे असते.

मामा : आणि नागपूरला उतरता-उतरता मन साशंक झाले तर?

भाची : वेग वाढवून पुन्हा वर जायचे. गो-अराउंड. त्यात कमीपणा नाही. आम्हांला शिकवतात की प्रत्येक उतरणे ही परत वर जाण्याची तयारी आहे. सगळे जमून आले तरच जमिनीला टेकायचे. मात्र हे इंधन असेल तरच शक्य. ज्याच्या टाकीत शिल्लक नाही, त्याला धावपट्टी कशीही असली तरी उतरणे भाग पडते.

मामा : झाले तर मग! तीस वर्षे मी हेच सांगत आलो, फक्त इंधन हा शब्द मला ठाऊक नव्हता. सातच्या सात एकर ज्याने गहाण टाकले त्याच्या टाकीत शिल्लक उरत नाही. भाव पडला तरी त्याला विकावे लागते, दलालाने नाडले तरी त्याच्याच दारी जावे लागते. गुरुजींचा तो विद्यार्थी वाईट संस्था सोडू शकला नाही, तो भित्रा होता म्हणून नव्हे; त्याच्याजवळ राखीव नव्हते म्हणून.

भाची : पण मामा, कर्ज काढलेला वैमानिक बेजबाबदार असतो असे कोणी म्हणू नये. कर्ज फेडत निष्ठेने विमान चालवणारे शेकडो आहेत.

मामा : मी विमानातल्या माणसाविषयी बोलत नाही, त्याच्या निष्ठेला माझा नमस्कार. मी विमानापर्यंत पोचण्याच्या वाटेविषयी बोलतो. त्या वाटेवर तुला चार ठिकाणी “नाही” म्हणावे लागेल : खोट्या आश्वासनाला, निकृष्ट संस्थेला, अन्यायाच्या कराराला, आणि कदाचित स्वतःच्या हट्टालाही. “नाही” म्हणण्याची ऐपत ठेवून निघ, एवढेच माझे मागणे.

भाची बराच वेळ गप्प राहिली. खळ्यातले यंत्र थांबले होते आणि सोयाबीनच्या भुशाचा वास ओसरीपर्यंत आला होता. मग तिने नकाशाशेजारी वहीचे कोरे पान घेतले, त्यावर तीन उभ्या रेघा मारल्या आणि वर लिहिले : टप्पा, खर्च, शिल्लक. मला असे वाटले की त्या क्षणी मामांचा जमाखर्च आणि भाचीचे दिक्चालन ही दोन शास्त्रे उरली नाहीत. दोन्ही शास्त्रे एकच प्रश्न विचारतात, की पुढचा मुक्काम हुकला तर काय.

पुढचे बोलणे वादाचे नव्हते, तडजोडीचेही नव्हते. ते आखणीचे होते. पहिला टप्पा वैद्यकीय तपासणीचा : आधी द्वितीय वर्गाची, मग प्रथम वर्गाची. शुल्काचा एक रुपया भरण्यापूर्वी हे दाखले हाती हवेत. कारण डोळ्यांतला रंगदोष किंवा हृदयातला एखादा बारीक दोष पैसे भरल्यानंतर कळणे यासारखे दुर्दैव नाही, आणि ते टाळणे सर्वस्वी आपल्या हाती आहे. दुसरा टप्पा पदवीचा. “ही सोडायची नाही,” मामा म्हणाले, आणि भाचीने त्यापुढे लिहिले : ऑल्टरनेट. भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बी. एस्सी. झालेल्याला विमानतळ प्राधिकरणाच्या हवाई वाहतूक नियंत्रकाच्या परीक्षेला बसता येते. आकाशाशी नाते ठेवणारी ती दुसरी सन्मानाची धावपट्टी. तिसरा टप्पा उरलेल्या पेपरांचा. चौथा फुरसतगंजच्या प्रवेशपरीक्षेचा आणि सरकारदरबारी जे साहाय्य असेल त्याच्या अर्जांचा. महाज्योतीने इतर मागासवर्गीय आणि भटक्या-विमुक्त उमेदवारांसाठी वैमानिक प्रशिक्षणाची योजना काढली तशा योजनांची माहिती जातीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्यांसह वेळेत मिळवणे हे मामांनी आपल्याकडे घेतले. “मुदतीनंतरचा अर्ज म्हणजे पेरणीनंतरचे बियाणे,” ते म्हणाले.

पाचवा टप्पा प्रशालेचा, आणि त्यावर दोघांनी सर्वांत अधिक वेळ घालवला. प्रशाला माहितीपत्रकावरून ठरवायची नाही. सकाळी तेथे जाऊन उभे राहायचे, आज किती विमाने प्रत्यक्ष उडाली ते मोजायचे, विद्यार्थी किती आणि प्रशिक्षक किती ते विचारायचे, गेल्या वर्षी आलेल्या विद्यार्थ्याचे तास किती भरले हे त्याच्या लॉगबुकात पाहायचे. आणि शुल्क पूर्ण झालेल्या तासांपुरते, हप्त्याहप्त्याने द्यायचे. सहावा टप्पा कर्जाचा. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सरकारी हमीच्या योजनेत तारणाची गरज नसते, तेथून आरंभ. त्यापुढे जमीन लावण्याची वेळ आली तर तीन एकरांवर बोजा चढेल. चार एकर, विहिरीसह, कोरे राहतील. या चार एकरांपुढे शिल्लक या रकान्यात भाचीने लिहिले : तीस मिनिटे.

मामांनी चष्मा पुसून ते दोन शब्द वाचले. मला वाटले ते हसतील. पण ते हसले नाहीत. त्यांनी त्या शब्दांखाली, फेरफारावर सही करावी त्या सावकाशपणे, आपली आद्याक्षरे घातली.

मामा : एक विचारू? मुलीच्या जातीला हे झेपेल का, असे गावात कोणी म्हटले तर काय सांगू?

भाची : सांगा, १९८५ साली कॅप्टन सौदामिनी देशमुखांनी कलकत्त्याहून सिलचरला फोकर विमान नेले, तेव्हा वैमानिककक्षात दोन्ही स्त्रिया होत्या, आणि प्रवासी सुखरूप उतरले. त्याला आता चाळीस वर्षे झाली. सांगा की विमानाला हात कोणाचा आहे हे कळत नाही. तो स्थिर आहे की नाही एवढेच कळते.

इतक्यात वडील खळ्यावरून आले. डोक्याला बांधलेल्या उपरण्यावर, भुवयांवर, खांद्यावर भुशाची पांढरट धूळ होती. रांजणातल्या पाण्याने त्यांनी हात-पाय धुतले, ओसरीच्या कडेला टेकले आणि विचारले, “ठरलं काय?” मामांनी वहीचे ते पान त्यांच्यापुढे धरले. वडिलांनी ते वाचले, बोट ठेवून पुन्हा वाचले. विहिरीसह या शब्दावर बोट जरा जास्त वेळ थांबले. मग मुलीकडे न पाहताच ते म्हणाले, “तपासणीला केव्हा जायचं?” मुलगी म्हणाली, “मळणी झाली की.” ते म्हणाले, “मळणी माझी मी करीन. तू आधी जा.”

मी निघालो तेव्हा मामा मला सायकलीपर्यंत पोचवायला आले. त्यांच्या हातात सातबाऱ्याचा उतारा होता, चार घड्यांचा. तो त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशात जपून ठेवला. मी विचारले, “मग, मत बदलले म्हणायचे का तुमचे?”

“नाही गुरुजी,” ते म्हणाले. “हवाई दलाची वाट अजूनही मला अधिक सुरक्षित वाटते, आणि तसे मी तिला पुन्हाही सांगेन. पण मत निराळे आणि हरकत निराळी, एवढा फरक मी जन्मभर इतरांना समजावून सांगितला. फेरफाराची नोटीस निघाली की पंधरा दिवस हरकतीची मुदत असते. मुदतीत जो येतो त्याचे ऐकून घ्यायचे, आणि कागद पूर्ण असला तर नोंद मंजूर करायची. पोरीचा कागद पूर्ण आहे. माझे मत कायम आहे. हरकत मी मागे घेतली.”